मागून गाडी

१

आम्ही पाच जण रविवारी सायकली काढतो आणि दिवसभर डोंगरातून फिरतो. पाचांपैकी एकाकडेही मोटारगाडी नाही. एके काळी सगळ्यांकडे होत्या. एकेकाने विकल्या, आणि विकल्याचं कौतुक अजून संपलेलं नाही. बुर्कहार्ट तर सगळं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. आता कोणी गाडीचं नाव काढलं की अंगावर पित्त उठतं म्हणतो. जर्मनीतल्या आमच्या डोंगराळ साउअरलांडमध्ये गाडीवाचून राहणं सोपं नाही. दोन गावांच्या मधे एक डोंगर हमखास असतो, आणि रविवारी बस नसते. म्हणून तर आम्हाला जास्त मिजास.

रांग ठरलेली आहे. पुढे फोल्कमार. त्याच्यामागे त्याची बायको हेडा, मग बुर्कहार्ट, मग गेझीना, जी शाळेत शिकवते आणि आमच्यात सगळ्यांत लहान आहे, आणि शेवटी मी, आल्मुट. शेवटच्याने पिवळं जाकीट घालायचं. शेवटचा म्हणजे सगळ्यांत हळू, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं काही नाही. शेवटच्याला कान मागे ठेवावे लागतात. मागून मोटार आली की त्याने "गाडी!" म्हणून ओरडायचं, पुढच्याने ऐकून पुढे ओरडायचं, असं करत हाक फोल्कमारपर्यंत जाते आणि सगळे उजव्या कडेला होतात. हाक आल्यावर कोणी मागे वळून खात्री करत बसत नाही. वळून बघणारा पडतो. हाक आली की बाजूला व्हायचं, एवढंच.

फोल्कमारला तर हाकेशिवाय गत्यंतरच नाही. उमेदीची वर्षं पत्र्याच्या कारखान्यात गेली, तिथेच त्याचे कान गेले. यंत्र आहे, पण सायकलवर वारा लागला की ते शिट्ट्या मारतं, म्हणून तो ते खिशात ठेवतो. हेडा मागून ओरडली की मात्र त्याला बरोबर ऐकू येतं. संसारभराची सवय आहे. कोणी नवीन भेटला की तो त्याला सांगतो, "माझे कान बघ, मागून पिवळं जाकीट घालून येतायत." मला ते ऐकून फार बरं वाटायचं. मी एकटी राहते, नोकरी संपली, आणि आपल्यावर कोणीतरी विसंबून आहे ही गोष्ट या वयात गोड लागते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला माझं हसं झालेलं सहन होत नाही. लहानपणापासून नाही. लोक म्हणतात, त्यात काय एवढं. मला त्यातच सगळं वाटतं.

२

सप्टेंबरात आम्ही जुन्या रेल्वेच्या वाटेने गेलो. रूळ कधीच उखडले, आता तिथे बारीक खडी घातलेली सायकलची वाट आहे. दोन्ही टोकांना मधोमध लोखंडी खुंट रोवलेत, त्यामुळे मोटार आत शिरूच शकत नाही. पुलानंतर वाट डोंगर कापून केलेल्या खिंडीत जाते. दोन्ही बाजूंना ओले काळे खडक, त्यांच्या पायथ्याशी नेचे. खिंड वळत वळत बोगद्याशी संपते.

त्या खिंडीत मला मागून इंजिनाचा आवाज आला.

मी विचार केला नाही. विचार करायची रीतच नाही. "गाडी!" म्हणून ओरडले. "गाडी!" गेझीना. "गाडी!" बुर्कहार्ट. मग हेडाची तीक्ष्ण हाक. सगळे उजवीकडे नेच्यांत पाय टेकून उभे राहिले. मीही राहिले. वाट मोकळी झाली, एक गाडी जाईल एवढी.

काहीच आलं नाही. आवाजही थांबला होता.

"अगं आल्मुट," बुर्कहार्ट म्हणाला, "कोणती गाडी होती? काही नंबर वगैरे घेतलास का?"

"खुंटांवरून उडून आली असेल," फोल्कमार पुढून ओरडला, आणि सगळे हसले. गेझीनाही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

मीसुद्धा हसले. माझे कान तापले होते. पलीकडच्या दरीतून मोठा रस्ता जातो, त्याचा आवाज खडकांवर आपटून मागून आल्यासारखा वाटला असणार, असं मी मोठ्याने म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. रविवारी जंगलात लाकूडतोडीची यंत्रं बंद असतात, नाहीतर मी त्यांच्यावरही ढकललं असतं.

३

पुढच्या खेपेला मी ठरवूनच आले होते. खिंडीत शिरताना मनातल्या मनात म्हणत होते, मोठा रस्ता, खडक, प्रतिध्वनी. पूल गेला. नेचे सुरू झाले. आणि आवाज आला.

या वेळी तो दुरून येत नव्हता. रुंद टायरांखाली खडी चुरडते तसा होता. सायकलची चाकं खडीवर कुरकुरतात. हा आवाज जड होता, सावकाश, आणि त्याच्या खाली इंजिन. कोणी गिअर बदलला तेही कळलं.

मी ओरडायला तोंड उघडलं तेव्हा माझ्यापुढे गेझीनाचं हँडल उजवीकडे वळलेलं होतं. अजून मी हाक दिली नव्हती. नंतर वाटलं, भास झाला असेल. माणूस आपल्या सोयीचं काहीही बघतो.

"गाडी!"

हाक पुढे गेली, पण कशी गेली! बुर्कहार्टने ती जांभई दिल्यासारखी पुढे सरकवली. सगळे कडेला उभे राहिले. कुठल्याशा झऱ्याचं पाणी टपटपत होतं. वाट रिकामी.

फोल्कमार सायकल ढकलत पार माझ्यापर्यंत आला. त्याने खिशातून यंत्र काढून कानात घातलं, मागे खिंडीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काही नाहीये, राणी," तो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं.

बोगद्यापलीकडे जुन्या स्टेशनात आता उपाहारगृह आहे. आलुबुखारचा केक, वर फेटलेली साय, आणि रविवार म्हणून सगळी टेबलं भरलेली. बुर्कहार्टने शेजारच्या खेळण्यांच्या फडताळातून एक लाल मोटार विकत आणली, तिला रिबीन बांधली आणि उभा राहून भाषण ठोकलं: आमच्या मंडळातल्या एकमेव मोटारमालकिणीला हा मान. शेजारच्या टेबलांवरच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

मी उठून वाकून नमस्कार केला. असं काही झालं की मी जास्तच खेळकर होते. केकचा घास तोंडात फिरत राहिला. घरी आल्यावर अंधाऱ्या बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून राहिले. दिवा लावला असता तर समोर आरसा होता.

४

कान तपासायला मी शेजारच्या गावी, कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेले. आमच्या गावात गेले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. भिंतींना, दाराला, छताला राखाडी गाद्या ठोकलेल्या. आत एक खुर्ची, एक काच, काचेपलीकडे ती तपासणारी मुलगी. कानावर आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. दार लागलं आणि बाहेरचं जग बंद झालं. स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येत होतं.

बारीक शिट्टी. दाबलं. आणखी बारीक. दाबलं. मग खूप वेळ काही नाही. मग फार खालच्या पट्टीत, जवळजवळ पोटात जाणवेल असं, एका जागी चालू ठेवलेलं इंजिन. कुठे जात नव्हतं. कोणाची तरी वाट बघत दाराशी उभं असावं तसं. मी दाबलं.

मुलीने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"फ्राउ रेडेकर, तुमचे कान माझ्याहून चांगले आहेत. फक्त एकदा तुम्ही उगाच दाबलंत. तेव्हा मी काही पाठवलं नव्हतं."

"अगदी खालचा आवाज होता ना? घरघर?"

"खालचे आवाज मी घेतलेच नाहीत अजून." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिची घाई दिसली, मला अवघड वाटू नये म्हणून केलेली. "होतं असं. पुष्कळ जण करतात. चुकायला नको म्हणून दाबतात."

दुकानाच्या दारात रस्त्यावर एकही मोटार उभी नव्हती. मी पाहिलं. मुद्दाम थांबून दोन्ही बाजूंना पाहिलं. काचेतून ती मुलगी मला पाहत होती, म्हणून मी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि निघाले.

कान बिघडले असते तर किती सोपं होतं. यंत्र घेतलं असतं, ती मुलगी आणि मी मिळून हसलो असतो. आता उरलं ते दुसरंच. माझ्या मावशीला शेवटी शेवटी भिंतीतून पाणी वाहताना ऐकू यायचं. आम्ही सगळे तिच्या तोंडावर हो म्हणायचो आणि स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांना खुणा करायचो.

५

ऑक्टोबरच्या अखेरीला बोगदा बंद होतो. वटवाघळं झोपायला येतात, मग वसंतापर्यंत लोखंडी दाराला कुलूप. म्हणून तो शेवटचा रविवार आम्ही कधी चुकवत नाही. आदल्या दिवशी हेडाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, भोपळ्याचं सार किती घट्ट करावं हेही झालं. मग ती म्हणाली,

"आल्मुट, तू वाईट वाटून घेणार नाहीस ना?"

"छे गं."

"फोल्कमार म्हणत होता, जाकीट तुझंच. त्याबद्दल प्रश्नच नाही. फक्त तू आधी बघ, आणि मग ओरड. असं दोनदा-तीनदा फुकट थांबलं ना, की हाकेची किंमत राहत नाही. मग खरोखर गाडी येईल, आणि बुर्कहार्ट ढिम्म हलणार नाही. मागून काय येतंय ते फोल्कमारला कळत नाही, तुला माहितेय. मला त्याची भीती वाटते गं."

"बरोबर आहे तुझं."

"रागावलीस?"

"मी? वेडी आहेस का!"

आता ती फोन ठेवेल असं वाटलं. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुला तिथे नक्की काय ऐकू येतं गं?"

मी सांगू शकले असते. ती विचारत होती, आणि तिच्या आवाजात थट्टा नव्हती. पण मावशीचं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"काही नाही," मी म्हणाले. "मोठा रस्ता."

"हो ना. तसंच असणार," हेडा म्हणाली.

६

रविवारी धुकं होतं. रात्रभर पाऊस पडून गेला होता. खिंडीत खडीवर चिखल आणि बीचच्या झाडांच्या पानांचा ओला थर बसला होता. चाकं आवाज न करता चालत होती, फक्त मागे रेघ उमटत होती. माणसांत नेहमीपेक्षा जास्त अंतर पडलं होतं. गेझीनाची पाठ वळणाआड गेली, आणि मला पुढे कोणी दिसेना.

तेव्हा मागे खडी चुरडली.

मी नव्या नियमाप्रमाणे वळून पाहिलं. पांढरं धुकं, खडकाची कड, माझ्या चाकाची रेघ. रेघेवर काही नव्हतं. आवाज मात्र तिथूनच येत होता, आणि जवळ येत होता. मी पुन्हा पुढे तोंड केलं. छाती भरून श्वास घेतला. शब्द जिभेवर होता. बघ, आणि मग ओरड. मी बघितलं होतं. काही नव्हतं. त्या म्हाताऱ्याने टोपी काढली होती. फोल्कमार सायकल ढकलत परत येईल आणि राणी म्हणेल.

श्वास मी तसाच सोडून दिला.

आणि हँडल उजवीकडे वळवलं. नेच्यांत पाय टेकला, सायकल अंगाशी धरली, खडकाला चिकटून उभी राहिले. हे सगळं मी केलं, नीट केलं. डोळे मिटले.

पोटऱ्यांना ऊब लागली. जळक्या तेलाचा वास आला. ते वेगात नव्हतं. अनोळखी गल्लीत कोणी घराचा नंबर शोधत जावं तसं, सावकाश, माझ्या कोपराजवळून गेलं. माझ्यापाशी जरा रेंगाळलं असं वाटलं. मग पुढे गेलं.

डोळे उघडले तेव्हा वाटेवरच्या डबक्यातलं पाणी दोन रेघांत फाकलेलं होतं, आणि पुन्हा एक होत होतं. पलीकडे दोन्ही बाजूंच्या नेच्यांची टोकं एकामागून एक पुढे झुकत होती, वळणाच्या दिशेने. एवढंच पाहिलं.

अजून वेळ होता. ते हळू जात होतं. तेव्हा ओरडले असते तरी गेझीनाने ऐकलं असतं, आणि हाक पुढे गेली असती, हेडापर्यंत, फोल्कमारपर्यंत. पण आता ओरडले तर लोक विचारतील, इतका वेळ काय करत होतीस? मी खडकाला पाठ लावून उभी राहिले आणि ते वळणाआड जाताना ऐकलं. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की लाजेनेच तोंड उघडेना.

मग पुढे कुठेतरी सायकलची घंटी एकदा वाजली, आणि काहीतरी लोखंडी खडकावर आदळलं. हेडाची किंकाळी आली. त्या किंकाळीत गाडी हा शब्द नव्हता.

७

मी सायकल हातात धरून चालत गेले. 

वळणावर गेझीना फोनवर बोलत होती. "सायकलवरून पडलेत... हो, घसरून... ओल्या पानांवरून. खिंडीत, बोगद्याच्या अलीकडे." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या जरा मागे चिखलात तिच्या चाकाची रेघ होती. सरळ येऊन ती उजवीकडे वळली होती, कडेपर्यंत. तिथे बुटाचा खोल ठसा होता. मग रेघ परत वाटेवर आली होती.

मला वाटलं, फोन करायला थांबली असेल.

पुढे बुर्कहार्टची रेघ. त्याचे टायर जाड, नक्षी ओळखू येते. तीही वळली होती, कडेला, खडकाला चिकटून. ठसा. परत.

बोगद्याच्या तोंडाशी फोल्कमार डाव्या खडकाखाली पडला होता. त्याचा पाय असा वळला होता की मी तिकडे बघणं टाळलं. सायकल पलीकडे, दुमडलेली. हेडाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. श्वास चालू होता. बुर्कहार्ट दोन्ही हात लोंबते ठेवून उभा होता.

फोल्कमारने डोळे उघडले. त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्या पिवळ्या जाकिटाकडे.

"काही आलं होतं का?" त्याने विचारलं. "मागून?"

मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. मी हेडाकडे पाहिलं, ती बोलेल म्हणून.

"काही नाही रे," हेडा म्हणाली. तिने त्याच्या कपाळावरची पानं काढली. "काही नव्हतं. घसरलास तू."

"हाक नाही आली," तो म्हणाला, स्वतःलाच समजावल्यासारखा. "म्हणजे काही नसणार." आणि त्याने डोळे मिटले.

मी खाली पाहिलं. त्याची एक रेघ होती, वाटेच्या मधोमध, शेवटपर्यंत सरळ. तिच्या मागून आलेली हेडाची रेघ त्याच्याजवळ पोचायच्या थोडं आधी उजवीकडे वळली होती. ठसा तिच्या छोट्या बुटाचा. त्या रेघांच्या मधे आणखी काही उमटलं होतं का, ते मी पाहिलं नाही. कोणीच पाहत नव्हतं.

दरीतून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. तो सगळ्यांना ऐकू आला, आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

बुर्कहार्ट हलला. तो आपल्या रेघेकडे मागे चालत गेला, आणि कोणाशी काही न बोलता बुटाने चिखल सारवायला लागला. जिथे ती उजवीकडे वळली होती, तिथेच. मग धुक्यात गेझीनाचे बूट घासल्याचा आवाज आला. मीही मागे गेले, पहिल्या वळणाच्या अलीकडे, डबक्यापर्यंत. माझी रेघ पुसली, नेच्यांतला ठसा पुसला, वर पानं ओढली. परत आले तेव्हा धाप लागली होती.

हेडा माझ्याकडे पाहत होती. तिच्या मांडीवर फोल्कमारचं डोकं होतं, तिला उठता येत नव्हतं. तिने माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं, आणि मग हळूच, मान न हलवता, स्वतःच्या रेघेकडे.

मी तिच्याजवळून गेले आणि तिचाही माग पुसला.